तिसऱ्या पातळीची मुलगी

पॅकिंग शेडमध्ये कामाच्या वेळी फोन घ्यायला बंदी होती. पण लेसिएलीचा फोन वाजला की मुकादमबाई मुद्दाम पाठ फिरवून उभी राहायची. तो फोन बहुतेक शाळेचाच असणार, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. द्राक्षांचा हंगाम संपत आला होता, पट्ट्यावरून शेवटचे घड येत होते, आणि लेसिएलीच्या एप्रनच्या खिशात सकाळपासून दुसऱ्यांदा फोन थरथरत होता. हातमोजा दातांनी ओढून तिनं फोन कानाला लावला.

शाळा नव्हती. ग्वेन होती. मुलीच्या सरकारी मदतीचं सगळं बघायची ती बाई.

"उद्याची डॉक्टरांकडची तपासणी लक्षात आहे ना? आणि हे बघ, मागच्यासारखं करू नकोस. ती गोड आहे, मला बिलगते, पाणी उडालं की हसते, यातलं अवाक्षर काढायचं नाही. वर्षातला सगळ्यात वाईट दिवस आठव, आणि रोज तसाच असतो म्हणून सांग."

"पण रोज तसा नसतो गं."

"मला माहितीये. त्यांनाही माहितीये. सगळ्याच आया तसं सांगतात. तिसरीची दुसरी पातळी झाली तर शनिवारी सांभाळायला येणारी कॅमी जाईल. मग हेईलालाला कुठे ठेवणार आहेस? द्राक्षांच्या पेटीत?"

लेसिएली हसली नाही. फोन ठेवून तिनं पुन्हा घड उचलायला घेतले. हात चालत होते, पण मन वाईट दिवस शोधायला निघालं होतं. ते सापडायला फार लांब जावं लागलं नाही.

हेईलाला तिची एकुलती एक मुलगी, अकरा वर्षांची. दोन वर्षांची असताना चारदोन शब्द बोलायची, ते एकेक करून गेले ते परत आले नाहीत. हात वाळवायचं यंत्र, कुत्र्याचं भुंकणं, पत्र्यावर पडलेलं काही, असे आवाज तिला सोसत नसत. उकडलेला टॅरोचा कंद आणि केळं याशिवाय ताटात दुसरं काही दिसलं की ताट भिंतीवर जाई. ऑटिझम आहे हे सांगायला खरं तर तज्ज्ञ लागला नसता.

पण तज्ज्ञांनी नुसतं ऑटिझम म्हणून सोडलं नव्हतं. ती तीन वर्षांची असताना ऑस्ट्रेलियातल्या या मिल्ड्युरा गावच्या दवाखान्यात एका सकाळी तिची परीक्षा झाली होती. परीक्षा इंग्रजीत आणि घर टोंगा बेटांवरून आलेल्यांचं, पोरगी जन्मापासून टोंगन ऐकणारी. बाई म्हणाली, माझ्याकडे बघ, ही खाली बघत राहिली. बाई म्हणाली, बोट दाखव, हिनं हात मागे घेतले. टोंगन घरात मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवणाऱ्या आणि बोट रोखणाऱ्या लेकराला धपाटा मिळतो. आज आपली लेक किती शहाण्यासारखी वागली, असं म्हणत लेसिएली त्या दिवशी घरी आली होती. मग अहवाल आला. पातळी तिसरी, म्हणजे सगळ्यात तीव्र. आणि खाली एक वाक्य: समज अत्यंत कमी.

त्या एका वाक्यानं पोरीचं सगळं आयुष्य आखून टाकलं. शाळेत तिला वेगळ्या वर्गात बसवलं आणि वर्षानुवर्षं तीच चित्रं पुढ्यात ठेवली. कप, बूट, गाडी. अक्षरं कुणी दाखवली नाहीत. "तिला काय कळतंय?" हे वाक्य आधी दवाखान्यातून शाळेत गेलं, शाळेतून घरी आलं आणि शेवटी बापाच्या तोंडी बसलं. मोसेसे वाईट माणूस नव्हता. दिवसभर द्राक्षांच्या वेली छाटून थकून यायचा, पोरीला खांद्यावर घेऊन मरे नदीवर न्यायचा. पण एका अंत्ययात्रेत ती किंचाळली, लोक कुजबुजले, तेव्हापासून त्यानं तिला चर्चला नेणं बंद केलं होतं. कुणी विचारलं की "झोपलीये" म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मेलबर्नहून महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर ड्रमंड समोर बसले होते. तांबूस दाढीचा, अदबीनं बोलणारा तरुण माणूस. बाहेर खुर्च्या भरलेल्या होत्या आणि त्यांचं लक्ष वरचेवर दाराकडे जात होतं. हेईलाला कोपऱ्यातल्या सतरंजीवर बसून ठिबकच्या नळीचा एक तुकडा कानाशी हलवत होती. त्यात बिया भरलेल्या होत्या, त्या खुळखुळत होत्या.

"सांगा," ते म्हणाले. "कशाकशात अडचण येते?"

लेसिएलीनं सुरू केलं. कपडे खराब करते. चावते. खिडकी फोडली होती. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले होते. नातेवाईक येत नाहीत. आम्ही कुठे जात नाही. डॉक्टर लिहीत होते. त्यांची मान हलली की तिला वाटायचं, जमतंय आपल्याला, आणि ती आणखी सांगायची. यातलं काहीच खोटं नव्हतं. त्यामुळेच ते इतकं भराभरा येत होतं.

"एकटी राहू शकेल असं कधी वाटतं?"

"कधीच नाही. ती... ती आम्हाला ओळखते की नाही, तेही कधीकधी कळत नाही."

बियांचा आवाज थांबला. हेईलाला उठली, खोली ओलांडून आईजवळ आली आणि आपला पालथा हात तिनं आईच्या तोंडावर दाबून धरला.

लेसिएलीला लख्ख कळलं. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. ते खाली मान घालून लिहीत होते, आणि त्यांनी काय लिहिलं ते तिला उलट्या बाजूनंही वाचता आलं: परवानगीशिवाय इतरांना स्पर्श करते.

ती तेव्हाच उठायला हवी होती. पण शनिवार डोळ्यांपुढे होता, कॅमी होती, शेड होती. तिनं मुलीचा हात हलकेच खाली घेतला आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

आपल्याकडे या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. म्हणजे स्वतःतच बुडून राहणं. त्या खोलीत हेईलालाएवढं दुसऱ्याकडे कान लावून बसलेलं कुणीच नव्हतं.

त्या दिवसापासून पोरगी आईला केसांना हात लावू देईना. जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायची. शाळेतून फोन आला, कपाळ बाकावर आपटतेय.

"तिनं ऐकलंय रे," लेसिएली नवऱ्याला म्हणाली. "मी इंग्रजीत बोलले, तरी ते सगळं तिनं ऐकलंय. शाळेत इतकी वर्षं इंग्रजीच कानावर पडतंय."

"ऐकलं असेल. पण तिला काय कळतंय?" मोसेसे थकलेल्या आवाजात म्हणाला आणि बूट काढायला वाकला.

त्याच आठवड्यात मोसेसेची थोरली बहीण टोंगाहून आली. इलाईसाने नाव, निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून शाळेच्या मैदानाच्या मापाचा. मे महिन्यातल्या मुलांच्या रविवारासाठी, फाका-मेसाठी, ती आली होती. त्या दिवशी चर्चमध्ये सगळी मुलं पांढरे कपडे घालून येतात आणि सगळ्यांसमोर पाठ म्हणतात. टोंगन कुळात आत्याचा मान सगळ्यांत मोठा. भावाच्या लेकरांबद्दल तिचा शब्द शेवटचा, आणि ती बसली असेल तिथे भावजयीनं तिच्याहून खाली बसायचं. लेसिएली चटईवर बसली.

"पोरगी कुठंय?"

"आत आहे, वन्सं. ती नवीन माणसांकडे—"

"मी नवीन माणूस? हेईलाला! इकडे ये."

हेईलाला आली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आत्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीची गाठ सोडता सोडता टोंगनमध्ये म्हणाली, "माझ्या दुसऱ्या पिशवीतला हिरवा डबा काढ. स्वयंपाकघरातून पंखा आण. आणि बापाला म्हणावं, तंगड्या आत घे, माणसं अडखळतील."

"ताई, तिला तसं नाही—" मोसेसे म्हणू लागला.

हेईलाला हलली नाही. बराच वेळ नुसती नळी हलवत राहिली. लेसिएली मध्ये पडणार होती, पण आत्याला कसलीच घाई नव्हती. मग पोरगी गेली, हिरवा डबा काढून चटईवर ठेवला, आत जाऊन पंखा आणला, आणि बापासमोर उभी राहून त्याच्या पसरलेल्या पायांना पायानंच ढकललं. एकदा, दोनदा. त्यानं पाय आत घेईपर्यंत.

मोसेसे आधी मोठ्यानं हसला. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो तोंड फिरवून अंगणात निघून गेला.

"तिसरी पातळी म्हणे!" आत्या वारा घेत म्हणाली. "माझ्या शाळेतली अर्धी कार्टी तीनदा सांगूनही डबा आणायची नाहीत. हिला काहीसुद्धा झालेलं नाही, लेसिएली. गोऱ्यांनी शिक्का मारला आणि तुम्ही तो कपाळावर गोंदून घेतलात. रविवारी ही माझ्याबरोबर चर्चला येणार."

"वन्सं, तिथला बँड... तो आवाज तिला—"

"सवय नाही म्हणून. लाडावलेली पोर आहे. ठरलं."

शेवटचा शब्द तिचा. लेसिएलीनं पांढरा फ्रॉक इस्त्री केला, पण सुखानं नाही. दवाखान्यातल्या माणसाला लेकीची समज दिसली नव्हती, आणि या बाईला लेकीचं दुःख दिसत नव्हतं. दोन्हीकडून तिची पोर अर्धीच दिसत होती, आणि ज्याला जे अर्धं दिसलं तो तेच पुरं म्हणून सांगत होता.

रविवारी हेईलाला चर्चमध्ये शहाण्यासारखी बसली. टोंगन रीतीप्रमाणे आत्यानं कमरेला गुंडाळलेल्या विणीच्या चटईची झालर बोटांत घेऊन ओढत होती. लहान मुलं एकेक करून उभी राहत, पाठ म्हणत, विसरत, रडत, लोक हसत. मोसेसे मान ताठ करून बसला होता. लेसिएलीला वाटलं, होतंय बहुतेक सगळं नीट.

मग बँड उठला. सगळी पितळी वाद्यं एकदम.

हेईलालाच्या तोंडून जो आवाज निघाला तो बँडच्याही वर गेला. ती बाकाखाली शिरली, डोकं लाकडावर आपटू लागली. आत्यानं दंड धरून तिला वर ओढलं, "उभी राहा! काही होत नाही!" आणि पोरीनं त्या हाताचा कडकडून चावा घेतला. पांढऱ्या बाहीवर रक्त आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "कशाला आणतात अशांना?"

लेसिएलीनं लेकीला उचललं. अकरा वर्षांची, हाडापेरानं मोठी पोर. तिला तशीच छातीशी धरून ती बाहेर आली, निलगिरीखाली धुळीत बसली आणि स्वतःच्या तळव्यांनी तिचे कान झाकले. पोरगी तापलेल्या इंजिनासारखी धडधडत होती.

आत्या मागोमाग आली. हाताला रुमाल गुंडाळत होती. "फार सैल सोडलंत तुम्ही हिला. मला चावली! मला!"

"वन्सं," लेसिएली म्हणाली. ती धुळीतच बसून होती, आत्याहून खाली. तिथूनच तिनं सरळ वर पाहिलं. "तुमच्यापुढे मी आजवर कधी तोंड उघडलं नाही. आज उघडते. हिला ऑटिझम आहे. तो आवाज तिला भाजतो. तुम्ही निखाऱ्यावर हात धरायला लावलात, म्हणून चावली. आणि हिला कळतं. सगळं कळतं. तुम्ही म्हणता काही झालंच नाही, डॉक्टर म्हणतात काही कळतच नाही. मला माझी पोर सबंध पाहिजे."

आत बँड वाजतच होता. एवढ्या वयात आत्याला असं कुणी बोललं नव्हतं. मग तिनं रुमालाची गाठ दातांनी घट्ट केली.

"आत्ता काय करायला हवं? ते सांग."

"आवाज बंद व्हायला हवा."

इलाईसाने वळली आणि चर्चमध्ये गेली. थोड्याच वेळात कॉर्नेट थांबलं, मग ढोल. सगळ्यात शेवटी ट्युबा. तो वाजवणारा तिचाच चुलतभाऊ होता आणि त्याला बहिणीकडे बघायला जरा उशीर झाला होता. मग बाहेर फक्त झाडाची पानं ऐकू येऊ लागली. हेईलालाचे खांदे हळूहळू सैल पडले.

पुढच्या खेपेला डॉ. ड्रमंड आले तेव्हा अहवाल तयार होता. पातळी तिसरी. समज अत्यंत कमी. मोसेसेच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, मदत टिकली होती. लेसिएलीनं कागद टेबलावर परत सरकवला.

"हे मला मान्य नाही."

"पातळी?"

"पातळीचं तुम्ही बघा. हे खालचं वाक्य. तिला कळत नाही हे कशावरून ठरवलंत?"

"चाचण्यांवरून. आणि तुम्ही स्वतः जे सांगितलंत—"

"चाचण्या इंग्रजीत होत्या. आणि मी सांगितलं ते खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की तिला काय येतं. आणि हे सगळं तिच्या देखत! तिनं माझं तोंड दाबलं, डॉक्टर. म्हणाली, गप्प बस. तुम्ही लिहिलंत, परवानगीशिवाय हात लावते. तिच्याबद्दल इतकं बोलायची परवानगी आपण तरी कुठे घेतली होती?"

ड्रमंड लालबुंद झाले. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"मी एक स्पष्ट सांगू?" ते म्हणाले. "हा आकडा मुळात किती मदत लागते ते सांगायला होता. आता लोक त्यावरून समोरचा कितपत माणूस आहे तेच ठरवतात. मीही ठरवतो. बाहेर इतकी मुलं ताटकळत असतात... पण पुन्हा तपासणी केली आणि तिची समज चांगली निघाली, तर वरच्या कचेरीत म्हणतील, मग हिला एवढी मदत कशाला? तुमचे तास कापले जातील. आणि ते मला अडवता येणार नाही."

मोसेसेनं बायकोकडे पाहिलं. शेडमधला शनिवार, घरातला शनिवार, सगळं तिला दिसत होतं.

"तपासा," मोसेसेच म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "मीच म्हणत होतो, तिला काय कळतंय म्हणून. तपासा."

डॉक्टर घरी आले, एकदा नाही, दोनदा. सोबत दुभाषी होती. चटईवर बसले, आत्यानं वाढलेलं लू खाल्लं. अळूच्या पानांत नारळाच्या दुधासकट शिजवलेलं मांस दाढीला लावून घेतलं, आणि हेईलाला उत्तर देईपर्यंत थांबायला शिकले. कधी ती देई, कधी अख्खा प्रहर देत नसे. चमत्कार काही झाला नाही. ती बोलली नाही, रस्ता तिला एकटीला ओलांडता येत नव्हता, बटणं लावता येत नव्हती. पण टोंगनमध्ये सांगितलेली लांबलचक गोष्ट ऐकून तिनं चित्रं बरोबर क्रमानं लावली, आणि गोष्टीतल्या म्हाताऱ्याच्या फजितीला सगळ्यांच्या आधी हसली.

शेवटच्या भेटीला डॉक्टरांनी नवा मसुदा आणला. वाचायला सुरुवात करणार एवढ्यात लेसिएलीनं हात वर केला.

"आधी तिला विचारा."

ते क्षणभर गोंधळले. मग हेईलालाकडे वळून, तिच्या तोंडाकडे रोखून न बघता म्हणाले, "हेईलाला, मी तुझ्याबद्दल जे लिहिलंय ते आता वाचणार आहे. तुला इथे बसायचंय का?"

दुभाषीनं ते टोंगनमध्ये सांगितलं. सगळे थांबले. हेईलालानं नळी दोनदा हलवली. मग उठली, चपला हातात घेतल्या, जाळीचं दार ढकललं आणि अंगणातल्या गाडीत जाऊन बसली. पट्टा लावायचा प्रयत्न करत राहिली. तो काही लागला नाही.

"अरेरे," दुभाषी हळहळली. "घाबरली."

"घाबरली नाही," आत्या म्हणाली. "नाही म्हणाली."

"तेही लिहा, डॉक्टर," लेसिएली म्हणाली. "विचारल्यावर नाही म्हणाली."

त्या कागदावर तशी जागा नव्हती. ड्रमंडनी समासात लिहिलं.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. रोजच्या आधारासाठी तिसरी पातळी, पण समज टोंगनमध्ये वयाच्या जवळपास, असं त्यांनी मांडलं. वरच्या कचेरीला या दोन गोष्टी एका माणसात बसवता येईनात, आणि बसवता येईनात म्हणून त्यांनी शनिवार कापला. कॅमी गेली. लेसिएलीनं शनिवारचं काम सोडलं, मोसेसेनं दोन मळे जास्तीचे धरले, त्यांची ओढाताण झाली आणि अजून चालू आहे. त्यांनी दाद मागितली आहे, निकाल आलेला नाही. पण शाळेनं कप-बूट-गाडी बाजूला ठेवून अक्षरं काढली. हेईलालाला चित्र दाबलं की शब्द बोलणारी पाटी मिळाली. तिच्यातले टोंगन शब्द आत्यानं परत जाण्याआधी आपल्या आवाजात भरले. त्यातला एक शब्द आहे "पुरे!" तो आत्याच्या दणदणीत आवाजात दिवसातून कितीतरी वेळा घरभर घुमतो, आणि घुमला की त्या घरातलं माणूस जे करत असेल ते थांबवतं.

आणि लेसिएली? महिन्यातून एकदा, मेलबर्नचे डॉक्टर येतात त्या दिवशी ती दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसते. तिला कुणी बोलावलेलं नसतं. तिथल्या नोंदणीच्या बाईला सुरुवातीला ते आवडलं नव्हतं. लेसिएली उठली नाही, शेवटी त्या बाईनंच तिला एक बरी खुर्ची दिली. आत जाणाऱ्या आयांचे चेहरे तिला लांबूनच ओळखता येतात. ओठ घट्ट मिटलेले, मनात उजळणी चाललेली.

परवा सामोआ बेटांवरची एक बाई आली. पाचेक वर्षांची मुलगी तिच्या कमरेला चिकटली होती, डोळे मिटून.

"आत सांगायला खूप आहे ना?" लेसिएलीनं विचारलं.

बाईनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले.

"सांग. सगळं सांग, लागेल ती मदत माग. पण हिच्या देखत नको. मी इथे बसते हिच्याजवळ. आणि तिला काय आवडतं तेही सांग. त्यांनी नाही विचारलं तरी सांग."

बाई थोडी घुटमळली, मग खाली वाकून मुलीच्या कानात काहीतरी बोलली आणि आत गेली. लेसिएली खुर्चीवरून उतरून जमिनीवर, त्या पोरीहून खाली, बसली. तिच्याकडे न बघता. दार लागलं. आत आता काय बोललं जात होतं ते बाहेर अजिबात ऐकू येत नव्हतं.